व्याह्यांचा संगणक आणि मागची तारीख

आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस साऱ्या मुळशी तालुक्यात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तालुक्यात निघालाच, तर त्या तालुक्याचं मी मनापासून सांत्वन करीन. सरळपणा हा गुण डोंगरासारखा लांबून बघायचा असतो. त्याच्याशी सोयरीक केली की चढावा लागतो. माझी मुलगी त्यांच्या घरात सून म्हणून गेली त्याला आता सहा वर्षं झाली, आणि मी अजून चढतो आहे. पौडच्या तहसील कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. निवृत्त कचेरी झाली. व्याही अजून कामावर आहेत. पौडच्या पुढं डोंगराला टेकलेल्या त्यांच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत, त्यांनी जशीच्या तशी कचेरी थाटली आहे. टेबल, टेबलावर काच, काचेखाली वर्षाच्या सुट्ट्यांची यादी, डाव्या हाताला आवक, उजव्या हाताला जावक. दहाला खोली उघडते, पावणेसहाला बंद होते. रविवारी तिथं कडी असते, आणि ती कडी प्रत्यक्ष त्यांच्या सख्ख्या भावासाठीही काढली जात नाही. भाऊ मागच्या दारानं घरात येतो, चहा पितो, आणि सोमवारी कामासाठी पुन्हा येतो.

त्या खोलीत ते गावातल्या आणि वरच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना अर्ज लिहून देतात. रेशन कार्डातलं नाव, वारसाची नोंद, पाणंद रस्त्याची तक्रार, काय पाहिजे ते. मोबदला म्हणून फक्त खरं बोलायचं असतं, आणि तेवढंच लोकांना जड जातं. मला त्यांच्या सरळपणाचा पहिला प्रसाद लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मिळाला. दिवाळसणाचं आमंत्रण मी फोनवर केलं होतं. ते म्हणाले, "येतो की, पाव्हणं." मी निश्चिंत झालो. चार दिवसांनी पोस्टानं पत्र आलं. वर विषय : दिवाळसणास उपस्थित राहणेबाबत. खाली संदर्भ : आपले दूरध्वनीवरील बोलणे. आणि शेवटी, पोच मिळावी. मी आयुष्यभर पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. मला वाटलं हा विनोद आहे, म्हणून पोच दिली नाही. दिवाळसणाला जावई एकटाच आला. "पप्पा म्हणाले, पोच न्हाई म्हंजे आमंत्रण पोचलं का न्हाई ते ठरत न्हाई," असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. विहीणबाईंना मी पुढं हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं बरं हाय. मला म्हायेरी जायचं म्हनलं तर इचारत्यात, रजा कंची टाकू, किरकोळ का अर्जित?"

पण ह्या साऱ्या नमुन्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती ते मनावर कोरल्यासारखी सांगतात. कचेरीत असताना एका वजनदार माणसानं त्यांना एक अर्ज दोन दिवस आधीच्या तारखेनं नोंदवायला सांगितलं. नुसती तारीख, बाकी काही नाही. व्याह्यांनी आवक रजिस्टर मिटलं, त्यावर हात ठेवला आणि कचेरी सुटेपर्यंत तो हात काढला नाही. त्याबद्दल त्यांना तीन वर्षं अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या दप्तरांच्या कोंदट खोलीत, बसावं लागलं. "मागची तारीख टाकणं म्हंजे, पाव्हणं," ते मला म्हणाले होते, "मेलेल्या माणसाला जिता म्हणून सहीला उभं करणं. चोरी केलेली परवडली." कागद हातात आला की ते मजकूर वाचतच नाहीत, आधी तारीख बघतात. माझ्या नातवाच्या बारशाची पत्रिका मी कौतुकानं त्यांच्यापुढं धरली, तर तिच्यावर छापल्याचा दिनांक नाही म्हणून ती त्यांनी मला परत दिली.

अशा माणसाच्या घरात संगणक आला, हे त्या संगणकाचं नशीब. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो हौसेनं घेतला आणि त्याच्याबरोबर मराठी टंकलेखनाची एक प्रणालीही घेतली, खोक्यासकट, पावतीसकट, परवाना क्रमांकासकट. गावात बहुतेकांच्या यंत्रात असल्या गोष्टी इकडूनतिकडून उतरवून घेतलेल्या असतात. व्याह्यांचा परवाना मात्र फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, लग्नातल्या फोटोच्या शेजारी आणि जरासा वर. दोन बोटांनी ते टंकतात, पण एकेक अक्षर असं दाबतात की शिक्का मारल्याचा आवाज येतो. पावणेसहा वाजले की संगणक बंद, मग भिंतीतली पिन बाहेर, मग त्याच्यावर विहीणबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याची खोळ. "कार्यालयीन वेळेनंतर यंत्राला वीज कशापायी?" हा त्यांचा सवाल.

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडं एक मोठं काम आलं. गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीवर, धनगरांचा एक वाडा आहे. तिथली कोमल नावाची मुलगी बारावीला चांगले गुण मिळवून पास झाली आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. तिचा बाप महाळुंग्याला एका नव्या इमारतीवर वॉचमन. घरात शाळेचा दाखला असलेली ती पहिलीच. प्रवेश पक्का व्हायचा तर जात-पडताळणी पाहिजे, पडताळणीला जुना पुरावा पाहिजे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात जुना कागद कुठून यायचा? व्याह्यांनी तो शोधला. गावच्या शाळेच्या सर्वांत जुन्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या रजिस्टरात त्यांना एक नोंद सापडली. मल्हारी नावाचा मुलगा, बापाचं नाव कोमलच्या पणज्याचं, जात धनगर. चार महिन्यांनी त्याच्यापुढं लाल शाईत 'नाव कमी केले.' बस्स. पण हा मल्हारी कोण? कोमलच्या आजोबाला, भागुजीबाबाला, त्यांनी विचारलं. पंचाहत्तरीचा म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "ह्या नावाचं आमच्यात कुनी न्हाई, सायेब. भावांत माज्या वर कुनी न्हवतंच. म्याच थोरला."

कोडं सोडवलं ते भागुजीबाबाच्या बहिणीनं, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या म्हातारीनं. व्याह्यांनी तिला एकटीला संगणकासमोर खुर्चीत बसवलं आणि तिचा जबाब ती बोलेल तसा थेट यंत्रात टंकून घेतला, तिचा अंगठा संगणकाला जोडलेल्या ठसा घ्यायच्या खोक्यावर घेतला आणि साक्षीदार म्हणून विहीणबाईंना उभं केलं. असे तीन आठवड्यांत त्यांनी दहा-बारा म्हाताऱ्यांचे जबाब घेतले आणि पाच पिढ्यांची वंशावळ उभी केली. जबाब अंतिम होईपर्यंत गोपनीय, त्यामुळं कुणी काय सांगितलं हे त्यांनी भिंतीलाही कळू दिलं नाही. कच्च्या मसुद्याची छापील प्रत काढायची नाही, हाही नियमच. मग पाऊस तोंडावर आला आणि इकडच्या ओल्या हवेत मेंढरं टिकत नाहीत म्हणून, दरसालच्या रिवाजाप्रमाणं, धनगरांचे कळप पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात निघाले. म्हातारीही घोड्यावर बसून लेकांबरोबर गेली. कुठल्या माळावर असेल हे तिच्या लेकांनाही आदल्या दिवशी ठाऊक नसतं.

आणि त्यानंतरच्या सोमवारी, दहा वाजून तीन मिनिटांनी, व्याह्यांच्या पडद्यावर पाटी आली. 'आपल्या चाचणी प्रतीची मुदत संपली आहे. कृपया परवाना क्रमांक भरावा.' त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि क्रमांक भरला. 'क्रमांक स्वीकारता येत नाही.' त्या प्रणालीत टंकलेला मजकूर दुसरीकडं उघडला की नुसत्या टिंबं, कंस आणि प्रश्नचिन्हांचा चिवडा दिसतो, त्यामुळं जबाब आत आणि सारे बाहेर अशी गत झाली. दुसरा कुणी असता तर हादरला असता. व्याह्यांनी पाटी दोनदा वाचली आणि कोऱ्या कागदाची मागणी केली. त्यांच्या मते ती नोटीस होती, आणि नोटिशीला उत्तर द्यायचं असतं. खोक्यावरच्या पत्त्यावर त्यांनी रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला. विषय : चाचणी प्रत नसतानाही चाचणी प्रत संबोधल्याबाबत. आठवड्यानं लखोटा परत आला, वर पोस्टमनचा शेरा, 'सदर पत्त्यावर कोणी नाही.' कंपनी केव्हाच बंद पडलेली. व्याह्यांनी लखोट्यावर आवक क्रमांक टाकला आणि स्मरणपत्र लिहायला घेतलं.

आमचा जावई हिंजवडीला संगणकातच काम करतो. तो रविवारी आला, आपल्या फोनवरून इंटरनेट जोडलं, काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, यंत्र बंद करून चालू केलं, आणि पाटी गायब. "झालं पप्पा. करप्ट झालं होतं." मी तिथं असतो तर म्हणालो असतो, आत्ताच छापून घ्या. पण रविवार होता. "आज कार्यालय बंद हाय," म्हणून त्यांनी पिन काढली. सोमवारी दहाला पाटी हजर. पुढच्या रविवारी जावयानं एक हुशार मित्र आणला. त्यानं पुन्हा फोनवरून इंटरनेट जोडलं, व्हायरस आहे म्हणून सांगितलं, व्हायरस मारला, पाटी गेली, मित्र मटण जेवून गेला. सोमवारी दहाला पाटी. पौडच्या एका दुकानदारानं सांगितलं, "काका, क्रॅक टाकून देतो, मग परवान्याचं नावच नको." व्याह्यांनी त्याला क्रॅक म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे अतिक्रमण. म्या जलमभर अतिक्रमनं काढली, आता सोताच्या टेबलावर करू व्हय?"

तिसऱ्या आठवड्यात जावयाला कंपनीनं बंगळूरला धाडलं. पडताळणीचे कागद द्यायला पाच दिवस उरले होते. कोमल रोज सकाळी डोंगर उतरून यायची, पडवीत बसायची, काही विचारायची नाही, आणि तेच बघवत नव्हतं. मुलीनं मला फोन केला, "बाबा, तुम्ही येऊन बसा जरा. पप्पा जेवत नाहीत." संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, माझा फोनसुद्धा बटणांचा आहे. पण व्याही जेवत नाहीत म्हणजे गोष्ट हातघाईवर आली होती. मी पहिल्या एसटीनं गेलो.

व्याह्यांनी मला टेबलासमोर बसवलं आणि माझ्यापुढं एक रजिस्टर ठेवलं. पाटी आल्यापासून त्यांनी तिची रोजची नोंद ठेवली होती, हातानं, कागदावर. मी म्हटलं, संगणक असताना कागदावर कशाला? ते म्हणाले, "आरोपीच्याच ताब्यात पुरावा ठेवायचा व्हय?" रजिस्टरात रकाने होते. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, हवामान, वीज होती किंवा कसे, उपस्थित व्यक्ती, संदेशाचा मजकूर. कामाच्या एकोणीस दिवसांच्या एकोणीस ओळी, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. "आता तुमी तपासणी अधिकारी," ते म्हणाले. "पाव्हणं म्हणून न्हाई, त्रयस्थ म्हणून बघा आन शेरा मारा."

मी भूगोलाच्या वह्या तपासलेला माणूस. डोकं न वापरता पान वाचण्याची मला सवय आहे. हवामान, पाऊस. वीज, होती. उपस्थित, स्वतः व सौ. तिसऱ्या वेळी वाचताना माझी नजर शेवटच्या, अगदी अरुंद रकान्यावर गेली. 'यंत्राने दर्शविलेला दिनांक.' पडद्याच्या कोपऱ्यात जी तारीख दिसते ती त्यांनी रोज उतरवली होती. पहिल्या दिवशी एक जानेवारी. दुसऱ्या दिवशी एक जानेवारी. आषाढ कोसळत होता आणि एकोणीसच्या एकोणीस दिवशी एक जानेवारी, तीही वीस वर्षांमागची!

"व्याही," मी म्हणालो, "ही तारीख काय लिहिलीय?"

"यंत्रानं दावली ती."

"अहो पण चुकीची आहे!"

"हाय की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "नोंद घेणं कारकुनाचं काम, पाव्हणं. अर्थ लावायचा तो वरिष्ठांनी. त्यासाठीच तर तुमाला बोलावलं."

एकोणीस दिवस ह्या गृहस्थानं चोराचा पत्ता रोज स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि वरिष्ठ येईपर्यंत वाट बघत बसला होता. मला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलायला लागला. ते उठले. चष्मा काढून पुन्हा घातला. खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि बोट पडद्यावर रोखून उभे राहिले.

"मागची तारीख," ते म्हणाले, आधी हळू. मग घर हादरेल असं, "मागची तारीख! अवं, ह्याला वाटतंय म्या मागची तारीख टाकून मुदत चोरतोय! म्हणून परवाना घेत न्हाई ह्यो! मला! मला म्हनतोय मागची तारीख टाकनारा!"

विहीणबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. कोमल पडवीतून उठून दारात उभी राहिली. मी म्हटलं, मग तारीख हातानं बदला की, झालं. त्यावर व्याही माझ्यावर असे उखडले की मी खुर्ची मागं घेतली. कारण न कळता तारीख बदलणं म्हणजे खाडाखोड. आधी कारण. मग त्यांनी खोलीत येरझाऱ्या घालत सुनावणी चालवली, प्रश्नही त्यांचेच आणि उत्तरंही. रविवारी पाटी जाते, का जाते? पोरं आपला इंटरनेट आणतात, यंत्र बाहेर विचारून तारीख नीट करून घेतं. सोमवारी येते, का येते? रविवारी पिन काढली. पिन काढल्यावर यंत्र तारीख विसरतं. का विसरतं? ते थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "घड्याळ वीज नसताना कशावर चालतं?" त्यांनी विहीणबाईंना विचारलं.

"सेलावर," विहीणबाई म्हणाल्या. "मागल्या म्हयन्यात म्याच बदलला."

"सेल संपलाय," व्याह्यांनी निकाल दिला. "पौडला घड्याळवाल्याकडं चला."

संगणक घेऊन घड्याळवाल्याकडं जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्या माणसाबरोबर जाणारा दुसरा माणूस मी असेन असंही मला वाटलं नव्हतं. पण व्याह्यांनी पेटी लुगड्यात गुंडाळली, वर प्लॅस्टिकचं इरलं घातलं आणि पाऊस अंगावर घेत आम्ही एसटीच्या फाट्यावर उभे राहिलो. बसमध्ये त्यांनी पेटी मांडीवर घेतली, तान्ह्या पोराला घ्यावी तशी. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय ह्यात?" व्याही म्हणाले, "न्यायप्रविष्ट हाय." कंडक्टरनं तिकिटं फाडली. कोमलही मागच्या बाकावर येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही.

पौडच्या बाजारपेठेत सलीमभाईंचं हातभर रुंदीचं घड्याळाचं दुकान आहे. साठीचा माणूस, एका डोळ्याला भिंग, चाळीस वर्षं तालुक्याची वेळ सांभाळतो आहे. संगणकाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. व्याह्यांनी सारं प्रकरण संदर्भासकट मांडलं. सलीमभाईंनी भिंग डोळ्याला लावलं, चार स्क्रू काढले, आत वाकून बघितलं आणि हसायला लागले. "सायेब, ह्यो तर आपलाच सेल हाय की! मोटारीच्या किल्लीत असतो त्यो. एवढ्या मोठ्या पेटीत बसलाय म्हून काय वेगळा हाय व्हय?" रुपयाएवढी एक चकती त्यांनी चिमट्यानं उचलली, यंत्राला लावून बघितली आणि म्हणाले, "मेलाय." मग नवी बसवली. हिंजवडीच्या दोन दोन इंजिनिअरांना जे साधलं नाही ते तालुक्याच्या घड्याळवाल्यानं उभ्या उभ्या केलं, आणि वर चहाही पाजला.

घरी येऊन व्याह्यांनी पंचनामा केला. पंच म्हणून मी आणि विहीणबाई. समोर भिंतीवरचं कॅलेंडर, हातात रेडिओ, वेळ बिनचूक मिळावी म्हणून. मग त्यांनी कोपऱ्यातली ती वीस वर्षांमागची तारीख दुरुस्त केली, परवाना क्रमांक भरला आणि डोळे मिटून कळ दाबली. पाटी आली नाही. मराठी अक्षरं आली. व्याही खुर्चीतून उठले, दारात गेले आणि भर पावसात हात वर करून ओरडले, "मंजूर!" समोरच्या गोठ्यातली म्हैस दचकली. शेजारचे लोक निवडणुकीचा निकाल लागला समजून बाहेर आले. विहीणबाईंनी शिरा केला, व्याह्यांनी तीन वेळा मागून खाल्ला, आणि मध्येच बंगळूरला फोन लावून जावयाला विचारलं, "कंच्या कालेजात शिकला रं तू?" संध्याकाळी मुद्दाम पिन काढली. सकाळी दहाला आम्ही सगळे, शेजारच्या दोन घरांसकट, पडद्यासमोर उभे होतो. तारीख बरोबर. पाटी नाही. व्याह्यांनी रजिस्टरात विसावी ओळ लिहिली, 'संदेश निरंक,' आणि माझ्यापुढं शेऱ्यासाठी सरकवली. मी आयुष्यात पुष्कळ शेरे मारले आहेत, पण इतक्या झोकात सही कधी केली नाही.

त्याच दिवशी जबाब छापून झाले. त्या म्हातारीचा जबाब मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. तिचा थोरला भाऊ मल्हारी, सहा वर्षांचा, शाळेत घातला आणि चार महिन्यांत तापानं गेला. आईनं त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घेऊ दिलं नाही, पाटी-दप्तरसुद्धा ओढ्यात सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी भागुजी जन्मला. 'मी आईला वचन दिलं होतं म्हणून कुणाला बोलले नाही. पण कागदाला खोटं सांगू नये,' असं शेवटी होतं. मुदतीच्या दोन दिवस आधी कागद दाखल झाले. त्या जुन्या नोंदीवर आणि ह्या जबाबावर कोमलची पडताळणी उभी राहिली आणि पार पडली. प्रवेश पक्का झाला तेव्हा तिचा बाप महाळुंग्याहून पेढे घेऊन आला, आणि व्याह्यांना वाकून नमस्कार करताना उठेचना.

दोन दिवसांनी भागुजीबाबा डोंगर उतरून आला. नातीच्या कामाचा कागद त्याला ऐकायचा होता. आता जबाब अंतिम झाला होता, गोपनीय राहिला नव्हता, आणि खरं असेल ते सांगायचंच हे व्याह्यांचं ठरलेलं. तरी त्यांनी कागद उघडायला बराच वेळ घेतला. वंशावळ त्यांनी वरपासून वाचली, एकेक नाव सावकाश, आणि मल्हारीपाशी आल्यावर बहिणीचा जबाबही वाचला. म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता. वाचून संपलं तरी तो तसाच.

"म्हंजे म्या थोरला न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," व्याही म्हणाले. त्यांना तो शब्द काढताना किती जड गेलं ते मी बघत होतो.

"पंच्याहत्तर वर्सं थोरला म्हून वागलो. समद्यांचं निस्तारलं. कवा कवा वाटायचं, एक जन तरी वर पायजे हुता." त्यानं कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतं. "कंचं नाव त्याचं? बोट ठिवा."

व्याह्यांनी त्याचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. म्हाताऱ्यानं ते बोट तिथंच राहू दिलं आणि लहान पोर पहिल्यांदा हाक मारून बघतं तसं हळूच म्हणाला, "मल्हारीदादा." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "दादा."